अर्धं राहिलेलं जेन

शरणप्पा पडले ते काही विहिरीच्या पायऱ्यांवर नाही की दुकानातल्या पोत्यांच्या थप्पीवरून नाही. स्वतःच्या नव्या घरात, स्वतः पसंत केलेल्या फरशीवर पडले. पौषातली सकाळ होती. लिंगपूजा आटोपून ते देवघरातून चहासाठी निघाले. हातातली चिमूटभर विभूती खाली सांडली होती, तिच्यावर ओला पाय पडला आणि शरणप्पा आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं.

आता त्या फरशीचंही ऐका. लातूरला जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं होतं. गावात रोज एक नवी कचेरी, रोज एक नवा साहेब. मुलगा वीरण्णा म्हणाला, जुन्या घरात आता जीव घुसमटतो, जिल्ह्याच्या गावाला शोभेल असं घर बांधू. बांधलं. जुन्या घरात खडबडीत शहाबादी होती, तिच्यावर लेकरं धावली तरी कुणी घसरलं नाही. नव्या घरात मोझॅक आली. मशीन लावून घासली, मेण लावून चमकवली. वास्तुशांतीला शरणप्पांनी खाली वाकून बघितलं आणि बायकोला, दानम्माला म्हणाले, तोंड दिसतंय की गं यात. ते तोंड बघणं असं महागात पडलं.

सोलापूरला ऑपरेशन झालं, आत सळई बसली. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी फोटो बघितला आणि म्हणाले, हाड छान धरलंय, आता चालवा यांना. चार पायांचा तो घोडा दिला हाताला धरायला. पण शरणप्पा कुठले चालतात! पलंगावरून पाय खाली सोडायचे, फरशीकडे बघायचं, आणि पुन्हा वर घ्यायचे. म्हणायचे, ही फरशी हलते. वीरण्णाने समजावलं, सुनेने समजावलं. शरणप्पांचं एकच, हलते म्हणजे हलते. ज्या माणसाने चाळीस वर्षं आडत दुकानात दोन-दोन मणांची पोती पाठीवर तोलली, तो माणूस आता हातभर लांबच्या तांब्यासाठी हाक मारू लागला.

चैत्रात डॉक्टरांनी दानम्माला बाजूला घेतलं. म्हणाले, वैशाख सरायच्या आत हे उभे राहिले नाहीत तर पाय आखडेल, आणि मग ते कायमचे अंथरुणावर. त्या दिवसापासून दानम्माचा जीव टांगणीला लागला. नवऱ्याला तिने हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते आणखीनच रुसून बसले असते. साठीला आलेला माणूस, पण रुसवा सहा वर्षांच्या पोराचा.

तिने विचार केला, फरशीची भीती वाटते ना, मग फरशी झाकूनच टाकू. पलंगापासून देवघरापर्यंत बारा-तेरा पावलं. तेवढं अंतर झाकायला काय लागतं?

लागतं हो, बरंच काही लागतं. पहिल्यांदा तिने सतरंजी टाकली. सतरंजी मोझॅकवर माशासारखी सरकते, वीरण्णाच पडता पडता वाचला. मग दुकानातली गोणपाटं जोडून टाकली. त्यांत धान्याची धूळ मुरलेली, आणि शरणप्पांना लहानपणापासून दमा. सकाळपर्यंत खोकून खोकून त्यांचा चेहरा काळा पडला. शिंदीच्या चटया आणल्या, त्यांच्या काड्या तळव्याला टोचल्या.

मग वीरण्णाने मनावर घेतलं. हैदराबादेहून नायलॉनचा गालिचा आणला. हिरवागार, त्यावर लाल फुलं, नव्या कचेरीतल्या साहेबाच्या केबिनमध्ये असतो तसाच. माणूस आला, डब्यातलं सोल्युशन फरशीला फासलं, गालिचा चिकटवून गेला. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. दानम्मालाही दोन घटका बरं वाटलं. संध्याकाळी त्या सोल्युशनचा वास उन्हाच्या धगीने असा उठला की शरणप्पांची छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. डॉक्टरांना घरी आणावं लागलं. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि नाक दाबून विचारलं, हे काय लावून ठेवलंय तुम्ही? दुसऱ्या दिवशी गालिचा उखडला. सोल्युशनचे पिवळे डाग धुवायचे तर पाणी कुठलं? नळ आठवड्यातून एकदा, तोही पाऊण तास. दानम्मा फरशी खरवडत बसली आणि खरवडता खरवडता तिला रडू आलं. नवरा आत धापा टाकतोय आणि आपण जिल्ह्याच्या गावाला शोभेल अशी फरशी घासून राहिलो, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला.

त्या रागातच तिला माहेरचं जेन आठवलं.

दानम्माचं माहेर मुखेडचं. तिचे वडील ज्यावर बसून पूजा करायचे ते काळं, बोटभर जाड अंथरूण म्हणजे जेन. ते विणलेलं नसतं. मेंढीची लोकर पिंजून थरावर थर टाकायचे, कोमट पाणी शिंपडायचं, गुंडाळी करायची आणि दिवसभर पायांनी तुडवायची. तुडवून तुडवून लोकर एकमेकीत अशी गुंतते की सुरीशिवाय तुटत नाही. ना रंग, ना सोल्युशन. धुवायची गरज नाही, उन्हात टाकून काठीने झोडपलं की झालं. आणि अंगच्या वजनाने जिथे टाकाल तिथे बसून राहतं. पुरं झालेलं जेन कसं ओळखायचं हे तिला लहानपणीच कळलं होतं. अंगठ्याने रगडायचं, एकही केस बोटाला आला नाही तर ते पक्कं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीत बसली आणि मुखेड गाठलं. वडील जाऊन वर्षं झाली होती, पण जेन करणारा दगडोबा होता. दोघं एका गल्लीत खेळलेले. वडिलांच्या शेतात खतासाठी दगडोबाच्या बापाची मेंढरं बसायची, तेव्हापासूनचं नातं. दगडोबाने सगळं ऐकून घेतलं आणि आत जाऊन लोकरीचं गाठोडं आणून ठेवलं. यंदा दुष्काळाने मेंढरं निम्मी झाली, लोकर तोकडी निघाली, तरी बारा हातांचं जेन होईल एवढी होती. पण तो गाठोडं सोडेना. दानम्माने दोनदा विचारल्यावर त्याची बायको साखराबाई म्हणाली, अक्का, लोकर हाय, पाणी न्हाई. एवढ्या जेनाला आठ घागरी लागत्यात.

आठ घागरी! गावाला टँकर आठवड्यातून दोनदा येत होता, माणशी मोजून पाणी मिळत होतं. दानम्माने मान खाली घातली. प्यायच्या पाण्याचं जेन करा असं कुठल्या तोंडाने सांगायचं? ती म्हणाली, राहू दे दगडोबादादा, बघते दुसरं काही. आणि उठली.

साखराबाईने तिला हाताला धरून खाली बसवलं आणि स्वतः गल्लीत गेली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एकेक बाई यायला लागली. कुणी ओळखीची, कुणी दानम्माने कधी न बघितलेली. केवळाबाई कोष्टीण आली, तिच्या घरात तान्हं लेकरू होतं, तरी तिची घागर काठोकाठ होती. अंगणात घागर ठेवली की लगेच परत जायच्या. एकीने तेवढं म्हटलं, आपल्या गावचा जावई उभा राहायचाय, मग काय. दानम्माने मोजल्या. आठ होत्या, एका रांगेत. परतीच्या एसटीत ती पदराने डोळे पुसत राहिली, आणि शेजारच्या बाईने विचारलं, कुणी गेलं का घरचं? तिला हसूच आलं.

दहाव्या दिवशी दगडोबा स्वतः जेन खांद्यावर टाकून लातूरला आला. एसटीच्या टपावर टाकलं नाही, म्हणाला, धूळ बसली असती. पलंगापासून देवघरापर्यंत अंथरलं तर जणू मोजून केलेलं. काळंभोर, कडेला पांढऱ्या लोकरीची एक रेघ. मेंढराचा थोडा वास होता, तोही दगडोबाच्या अंगाला येतो तसला, ओळखीचा. शरणप्पांनी दोन-तीनदा दीर्घ श्वास घेऊन बघितला. छातीने काही कुरकुर केली नाही. दानम्माचा आनंद पोटात मावेना.

आणि त्या आनंदात तिने घोळ घातला. घरात नवी वस्तू आली की तिला विभूती लावायची, नारळ फोडायचा, ही तिची रीत. फ्रिज आला तेव्हा फ्रिजला लावली होती, वीरण्णाच्या स्कूटरला लावली होती. तशीच ती जेनापुढे बसली. चार कोपऱ्यांना विभूतीची बोटं ओढली, बेल ठेवला, नारळ फोडला, हात जोडले. मागे वळून नवऱ्याला म्हणाली, या आता.

शरणप्पांनीही हात जोडले होते. ते तसेच जोडलेले ठेवून ते म्हणाले, "पूजा केलेल्या लोकरीवर पाय देऊ? अगं, यावर बसून लिंग हातात घ्यायचं असतं. तुझ्या बापाने दिला होता का कधी पाय?"

दानम्माने कपाळाला हात लावला. बरोबर होतं त्यांचं. आणि तिला हेही कळत होतं की भीतीला आता चांगला मजबूत दरवाजा सापडलाय, आणि तो आपणच आपल्या हाताने लावून दिलाय. वैशाखाचे अकरा दिवस उरले होते. वीरण्णा चिडून बाहेर निघून गेला. सून स्वयंपाकघरात भांडी आदळायला लागली. आठ घागरी पाणी आता देवघरात गुंडाळून ठेवायचं की काय, असं दानम्माला वाटलं.

दगडोबा कोपऱ्यात चहा पीत बसला होता. त्याने बशी खाली ठेवली.

"जावईबापू," तो म्हणाला, "पूजा तर आमी बी करतो. पूजा करतो अन् मगच तुडवतो. पायानंच हुतंय ते. तुमी धान्याचे यापारी. खळ्यावर बैल कणसं तुडवत्यात, मग ते धान्य देवाला चालत न्हाई का?"

शरणप्पांनी मान डोलावली, पण पाय काही खाली आले नाहीत. मग दगडोबाने आवाज जरा उतरवला.

"अन् खरं सांगू का, सांगायची लाज वाटून राहिली. हे जेन अजून पुरं न्हाई. आठ घागरी लागत्यात, पाचच मिळाल्या. पाणी सरलं. आता कोरडंच तुडवून जुळवावं लागंल, रोज, म्हयना-दीड म्हयना. न्हाई तर कसर लागून जाईल सगळं."

दानम्माने चमकून त्याच्याकडे बघितलं. दगडोबा तिच्याकडे बघत नव्हता.

अर्धवट माल हा शब्द शरणप्पांना जन्मात सोसला नव्हता. दुकानात एखादं पोतं छटाकभर कमी भरलं तरी ते सोडून पुन्हा तोलायचे, गिऱ्हाईक नको नको म्हणत असलं तरी. ते ताठ बसले. म्हणाले, मग वीरण्णाला सांगतो, रोज सकाळी तुडवील. दगडोबाने मान हलवली. म्हणाला, त्याचा पाय घाईचा, घाईच्या पायानं लोकर फाटती. सुनेचा? तिला घरकाम हाय. हळू पाय पायजे, एकेक पाऊल दाबून टाकणारा. आजारातून उठलेल्या माणसाचा पाय लई कामाचा असतोय.

एवढं बोलून तो उठला. लोकरीचे पैसे घेतले, पाण्याचे घेतले नाहीत, आणि दुपारच्या गाडीने गेला.

तो गेल्यावर दानम्मा खाली बसली आणि तिने अंगठ्याने जेन रगडलं. कडेला रगडलं, मधे रगडलं, जोर लावून रगडलं. एक केस बोटाला आला नाही. तिने बोट पदराला पुसलं आणि तोंड मिटून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला घोड्याचा आवाज आला. शरणप्पा उभे होते. दोन्ही हातांनी घोडा घट्ट धरलेला, कपाळावर घाम, ओठ दातांत. एक पाऊल टाकलं. मग दुसरं. तिसऱ्याला थांबले आणि म्हणाले, हे इथं जरा पोकळ लागतंय गं. आणि तिथेच पाय दाबून उभे राहिले. दानम्मा दाराआड उभी राहून सगळं बघत होती. देवाचं नाव तिच्या तोंडात आलं, आणि त्याच्या पाठोपाठ केवळाबाईचंही आलं.

त्या दिवशी तीन पावलं झाली. चार दिवसांनी सात. वैशाख सरला तेव्हा शरणप्पा देवघरापर्यंत जाऊन बसून पूजा करून परत येत होते. नंतर घोडा सुटला आणि काठी आली. दिवसातून दहा फेऱ्या, त्याही नुसत्या नाहीत. मधेच थांबून म्हणायचे, दगडोबाने या कोपऱ्यात लोकर कमी टाकली वाटतं. दानम्मा म्हणायची, हाव, तिथं जरा जास्त तुडवा. शेजारच्या कलेक्टर कचेरीतल्या कारकुनाची बायको विचारून गेली, वहिनी, असलं कुठं मिळतं, आमच्या घरातल्या गालिच्याने लेकराच्या शिंका थांबत नाहीत. दानम्माने मुखेडचा पत्ता दिला आणि बजावून सांगितलं, पाऊस झाल्यावर जा, आधी नको.

पण एक राहिलं होतं. शरणप्पा जेनावरून खाली उतरत नव्हते. जेनाची कड आली की पाय थांबायचा. पुढे चमकणारी फरशी, आणि दार त्या बाजूला, नऊ-दहा पावलांवर. दुकानाला जायचं तर ते दार ओलांडायला हवं. दानम्माने एकदा नुसतं सुचवलं तर म्हणाले, आधी हे काम पुरं होऊ दे. 

ज्येष्ठातल्या एका दुपारी दारात कुत्रं भुंकलं. बाहेर दगडोबा उभा होता. गावाकडे चारा संपला म्हणून मेंढरं घेऊन मांजरा नदीच्या काठाला निघाला होता. मेंढरं गावाबाहेर साखराबाईपाशी सोडून तेवढा भेटायला आला होता. पाय धुळीने भरलेले, ओठ फुटलेले. पायांकडे बघून तो आत येईना. दारातूनच म्हणाला, अक्का, घोटभर पाणी दे.

दानम्मा आत गेली. देवघराजवळच्या माठातून तांब्या भरून वळते, तोच तांब्या तिच्या हातातून कुणीतरी काढून घेतला. शरणप्पा होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात काठोकाठ तांब्या. जेनावरून चालत ते कडेपर्यंत गेले, आणि थांबले नाहीत. पाय फरशीवर पडला. तांब्यातलं पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं, आणि त्याच ओल्या फरशीवर दुसरा पाय पडला. दानम्माने हात पुढे केला, मग मागे घेतला. हाक मारावी तर दचकून पडतील, न मारावी तर... ती भिंतीला धरून उभी राहिली. शरणप्पांची नजर खाली नव्हतीच. ती दारातल्या माणसाच्या फुटलेल्या ओठांवर होती.

दगडोबाने उभ्याउभ्या तांब्या रिकामा केला. तोंड पुसलं, आणि मग त्याची नजर शरणप्पांच्या पायांवर गेली.  ती तिथेच खिळली.

शरणप्पा म्हणाले, "बघा बरं येऊन, पुरं झालं का तुमचं जेन."

दगडोबा पाय झटकून आत आला. वाकला, जेनावर अंगठा रगडला, उजेडात धरून बघितला. "आता झालं, जावईबापू," तो म्हणाला. "पक्कं झालं."

"चाळीस वर्षं माल पारखला मी, दगडोबा," शरणप्पा म्हणाले. "त्या दिवशी तुम्ही चहा पीत होतात तेव्हाच पलंगावरून हात खाली सोडून बघितलं होतं. एक केस आला नाही हाताला."

 दानम्मा म्हणाली, अहो, मग इतके दिवस? कोपऱ्यात लोकर कमी, इथं पोकळ, ते सगळं काय होतं?

 शरणप्पांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, "इतक्या लांबून खांद्यावर ओझं आणून वर माझ्यासाठी खोटं बोलणारा माणूस. स्वतःच्या हातचं काम अर्धं आहे म्हणून सांगणारा कारागीर. त्याला खोटं पाडू का मी पलंगावर बसून?" आणि बायकोकडे वळून त्यांनी विचारलं, "खऱ्या किती घागरी होत्या?"

"आठ," दानम्मा म्हणाली. "आठ घरच्या." आणि तिने एकेक घर सांगितलं. ज्यांचं नाव माहीत नव्हतं त्यांचं घर सांगितलं, लुगड्याचा रंग सांगितला.  शरणप्पा प्रत्येक नावाला मान हलवत होते.

"दिवाळीला मुखेडला जाऊ," ते म्हणाले. "आठही उंबरे चढायचेत मला. जावई म्हणवून घेतो, तोंड तरी दाखवायला पाहिजे."

मग त्यांनी दगडोबाच्या हातातला तांब्या परत घेतला आणि साखराबाईसाठी पाणी भरायला ते वळले. वाटेत फरशीवर मघाचं पाणी सांडलेलं होतं. दानम्मा फडकं आणायला धावणार होती. पण ते त्या पाण्यातून सावकाश, एकेक पाऊल दाबून टाकत माठापर्यंत गेले, तेव्हा ती जागची हलली नाही.